पक्कडआत्या आणि ठिबकणारा नळ

फार पूर्वी हत्यारांना बोलता येत होतं आणि वडीलधाऱ्यांना तेव्हाही गप्प बसता येत नव्हतं. त्या काळात एका मोरीतला नळ ठिबकू लागला. लगेच खणातून गंजकी पक्कडआत्या उठली.

“आत्या, माझा वायसर झिजलाय,” नळ म्हणाला. “आवळून उपयोग नाही. प्लंबरच्या पान्याला बोलवा. तो आधी टाकीचा कॉक बंद करतो.”

“घरात मी असताना परका कशाला? तुझ्या बापालाही मीच आवळायचे.”

“म्हणून तर तो भंगारात गेला!”

“बघा, कालचं पोर उलटून बोलतंय,” हातोडा म्हणाला. खणातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

आत्याने नळाची मान धरून सगळा जोर लावला.

“आत्या, मोडतोय मी!”

“होईल सवय,” आत्या म्हणाली आणि मान तुटली. कॉक उघडाच होता. टाकीभर पाणी घरभर झालं.

शेवटी पानाच आला. त्याने कॉक बंद करून दहा मिनिटांत नवा नळ बसवला. जुना भंगारात गेला.

“नळच तकलादू होता,” आत्या म्हणाली. माना पुन्हा डोलल्या. मग तिने नव्या नळाला लाडाने हाक मारली, “काही दुखलंखुपलं तर सांग हं, बाळा.”

“सांगेन,” नवा नळ म्हणाला, “पण पान्याला.”