खांबाआडचं पान

"…मगे तो खायना कित्याक, आक्का? पाणी बरोबर, मीठ बरोबर, ऊब बरोबर. चुकला तरी खय?"

विश्राम केळुसकर विचारत होता खरा, पण उत्तर ऐकायची त्याची तयारी नव्हती. चूक तुझी नाही, एवढंच कुणीतरी म्हणावं, म्हणून त्याने गाडी पाठवून खाडीपलीकडच्या मठातून इंदुआक्कांना आणलं होतं. तो आक्कांचा जुना शिष्य. आता किनाऱ्यावर त्याचं मोठं हॉटेल होतं आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी होती.

टाकीत खारं पाणी, रंगीत प्रवाळ, आणि त्या प्रवाळाआड कुठेतरी नवा मासा. निळ्या अंगावर पिवळ्या रेघा. असा मासा अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे विश्राम न विचारता सांगायचा.

फक्त आल्यापासून त्या माशाने कणभरही तोंडात घेतलं नव्हतं. पोट आत गेलं होतं.

"तेका आणलंस कसो?" आक्कांनी विचारलं.

विश्रामची छाती फुगली.

"थेंब थेंब, आक्का! पिशवी टाकीत तरंगत ठेवलंय. बारीक नळयेक गाठ मारलंय, आणि टाकीतला पाणी थेंबाथेंबान पिशवीत सोडलंय. एकदम ओतला असता तर जीवच गेलो असतो तेचो. लोक घाई करतत. मी जाग्यावरना हलूक नाय."

"बरा केलंस."

तो आणखी फुगला. तेवढ्यात पुण्याकडचे चार पाहुणे आत आले. विश्रामने लगबगीने टाकीवरचे सगळे दिवे लावले आणि हातातल्या जाड अंगठीने काचेवर वाजवलं. टक् टक् टक्.

"येईल हां, येईल! जरा लाजतो."

दगडाआड एक निळी रेघ हलली आणि आणखी आत गेली. पाहुण्यांनी दगडाचेच फोटो काढले, छान आहे म्हणाले आणि जेवायला गेले.

आक्कांची नजर माशावर नव्हतीच. ती अंगठीवर होती.

"ह्या कितींदा करतंस?"

"लोक इले काय… दाखवूक नको? एवढो मासो आणलंय, तो काय दगडाआड ठेवूक?"

आक्का टाकीसमोरच्या खुर्चीवर टेकल्या.

मग त्यांनी विचारलं, "विश्राम, तू मठात इलंस तेव्हा तुजा पयला पान खय मांडलेला?"

विश्रामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या साली वादळाने त्याचं पहिलं हॉटेल नेलं होतं. छप्पर गेलं, सामान गेलं, आणि याची भूकही गेली. घरचे विनवण्या करून थकले, शेजारीपाजारी रोज बघायला येत, आज खाल्लं का म्हणून विचारत, आणि घास काही घशाखाली उतरेना. शेवटी बायकोने त्याला मठात आणून सोडलं. मठाची रीत जुनी होती. नव्या माणसाचं पान खांबाआड मांडायचं आणि वाढणाऱ्याने पाठ करून निघून जायचं. आग्रह नाही, विचारपूस नाही.

"खांबाआड," तो म्हणाला.

"कोण बघी होता?"

"कोण नाय…"

"मगे जेवलंस कसो?"

आक्का उठल्या. त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि काचेवर टाकली. शालीने टाकीचा कोपराच झाकला. विश्राम बघतच राहिला, आणि मग मुकाट्याने हॉटेलच्या चादरी आणायला गेला.

दिवे बंद झाले. निघताना आक्का एवढंच म्हणाल्या, "खाणा ठेवूचा, पाठ करूची, जावचा. बघूचा नाय."

न बघणं म्हणजे काय ते विश्रामला तेव्हा कळलं. पाहुणे विचारत, चादरीत काय आहे हो? तो म्हणे, काम चालू आहे. असं म्हणताना जीव तुटायचा. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, फोडून अर्धी शिंपली मांसासकट तो चादरीखालून पाण्यात सोडायचा, तोंड भिंतीकडे करून. दुसऱ्या दिवशी चाचपून पाहिलं तर शिंपली जशीच्या तशी भरलेली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

आता त्याचंच जेवण सुटलं. चादरीआड मासा मरून पडला असेल, या भीतीने त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. दोनदा चादरीला हात घातला आणि दोनदा काढून घेतला. कुणाला दिसला नाही तरी चालेल, पण जगू दे रे बाबा, असं तो भिंतीला सांगत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी वस्तू दाखवायची नव्हती.

आणि एका सकाळी हाताला शिंपली लागली ती हलकी, गुळगुळीत, आतून चाटूनपुसून स्वच्छ. विश्राम भिंतीकडे तोंड करून एकटाच रडला.

डोळे पुसून होईपर्यंत छाती पुन्हा फुगली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जेमतेम शेकला होता. ती शिंपली घेऊन तो थेट मठात पोचला. पंगत नुकतीच बसली होती. आक्का हातात भाताचं पातेलं घेऊन वाढत होत्या.

विश्राम बसला नाही. मधोमध उभा राहिला आणि अंगठीने शिंपलीवर वाजवलं. टक् टक् टक्.

"आयकलास काय सगळ्यांनी? खाल्ल्यान! माझ्या माशान खाल्ल्यान! आणि मी एकदाय वळान बघूक नाय. एकदाय नाय! असा कोणाक जमतला?"

सगळ्या माना वर झाल्या. कुणी हसलं, कुणी शाबास म्हणालं. विश्राम एकेकाकडे बघत शिंपली दाखवत वळत गेला, आणि वळता वळता त्याची नजर खांबाआड गेली.

तिथे एक बाई बसली होती. सकाळीच कुणीतरी तिला आणून सोडलं होतं. भिंतीकडे तोंड, पुढ्यात केळीचं पान. पहिला घास तिने उचलला होता, ओठांपाशी नेला होता. तो हात तसाच थांबला होता…

मग तो सावकाश खाली आला. घास पानावर परत गेला.

विश्रामचा शिंपलीचा हात हवेतच राहिला.

आक्का त्या बाईकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"विश्राम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काच वाजयू नको."