मेंढीचा खडा, कुत्र्याचं पित्त

"बाबा, त्या लिंबाजीत असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

वलीबाबा फकीर एका शेळीच्या पायाला लेप लावत होते. गुराढोरांची दुखणी घेऊन दहा गावांची माणसं त्यांच्या टेकडीवर यायची. बाबांनी मान वर केली नाही.

"बारा वर्षं झाली मला इथं. तो काल-परवा आला. आणि औषधांचा बटवा त्याच्या हातात?"

खोटं कशाला सांगा, बाबांच्या या जुन्या चेल्याचा, सदोबाचा, नुसता जळफळाट चालला होता. लिंबाजी हसला तरी याच्या पोटात दुखायचं! बटवा गेला त्या दिवसापासून त्याने लिंबाजीशी बोलणंच टाकलं. दोघांचं खोपट एकच, तर हा पठ्ठ्या अंथरूण काखेत मारून गोठ्यात झोपायला गेला. त्याला आज चार दिवस झाले.

"त्या वाट्या आण," बाबा म्हणाले.

ओट्यावर दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. चार दिवसांपूर्वी एक मेंढी काविळीने मेली, तिच्या पित्ताच्या पिशवीतून दोन खडे निघाले. बाबांनी एक तिच्याच पित्तात ठेवला. दुसरा ठेवला गाडीखाली सापडून मेलेल्या एका कुत्र्याच्या पित्तात.

सदोबाने नाक दाबून झाकणं काढली.

पहिल्या वाटीत खडा होता तसाच. दुसरीत नुसता गाळ.

"हे कसं?" बाबांनी विचारलं.

सदोबाची छाती फुगली. विचारलं एकदाचं!

"सोपं आहे, बाबा. कुत्र्याचं पित्त जास्त तेज. मी स्वतः तेलाचा थेंब टाकून पाहिला, लगेच फुटून मिसळला. त्यात खडा विरला. मेंढीचं पित्त तसं नाही."

"आणखी महिनाभर ठेवला तर?"

"वर्षभर ठेवा की! ज्या पित्तात खडा तयार झाला, त्यातच कसा विरेल? त्याला दुसऱ्याचंच पित्त लागणार."

"हे लिंबाजीला ठाऊक आहे?"

"त्याला? छे! त्याला कुठलं..."

बाबांनी लेपाने माखलेलं बोट सदोबाच्या छातीवर टेकवलं.

सदोबाने वाट्या खाली ठेवल्या.

"मग बाबा... बटवा?"

बाबांनी शेळीचा पाय सोडला. ती लंगडत उठली.

"गोठ्यातलं अंथरूण उचल, सदोबा. आज लिंबाजीच्या शेजारी टाक."