भरल्या घराचं चित्र

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि शहाणे आताइतकेच कमी. एका गावात प्रत्येक दारावर चित्र टांगायची रीत होती. चित्रात माणूस काढायचा नाही, फक्त घरातल्या वस्तू. येणारा-जाणारा त्या वस्तूंवरून घरची गोष्ट वाची. पाळणा दिसला की लोक हळू बोलत. औषधाचा खल दिसला की कोणीतरी पेज घेऊन येई.

त्या गावात राजाच्या कोठारावरून निवृत्त झालेला एक म्हातारा नुकताच राहायला आला होता. बायको गेलेली, मूलबाळ नाही. वर्षारंभी चितारीण नवं चित्र काढायला आली, तेव्हा त्याने चौरंगावर दोन पेले मांडले, अर्धा खाल्लेला लाडू ठेवला, मोगऱ्याचा गजरा ठेवला आणि बाजारातून मुद्दाम आणलेला भोवरा.

"काका, भोवरा कोण फिरवतं?" चितारिणीने विचारलं.

"तू चित्र काढ. चौकशीला राजाचे हेर आहेत."

तिने चित्र काढलं. लोक थांबून बघत, भरल्या घराचं कौतुक करत. म्हातारा दाराआडून ते ऐके, मग आत जाऊन एकटाच जेवे. उरलेला अर्धा लाडूही त्यालाच खावा लागला.

सणावाराला त्याला कोणी बोलावलं नाही. भरल्या घरची पंगत कोण मोडणार? तो तापाने पडला, तेव्हाही पावलं दाराशी थांबली आणि चित्र बघून पुढे गेली. हाक मारावी असं त्याला फार वाटलं. पण हाक मारली की चित्र खोटं पडणार. त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

ताप उतरल्यावर तो भिंतीचा आधार घेत चितारिणीकडे गेला आणि म्हणाला, "आता आहे ते काढ."

पालथी घातलेली एक थाळी, एक पेला, विझलेली चूल. चितारिणीला फार वेळ लागला नाही. काढण्यासारखं होतंच किती.

चित्र लागलं आणि समोरची म्हातारी विस्तव नि पेज घेऊन आली. चूल पेटवून ती टेकली.

"भावोजी, माझ्या दारावरही एकच थाळी आहे. पण भरल्या घरात एकटीने यायचं कसं?"

म्हाताऱ्याने दारातून समोर पाहिलं. थाळी खरंच होती. स्वतःच्या दाराआडून कौतुक ऐकण्यात त्याला समोरचं दार वाचायला सवड झाली नव्हती.

तात्पर्य : जो आपलं एकटेपण झाकतो, त्याला शेजारचं एकटेपणही दिसत नाही.