झुंजीचा पहारा

डोंगरात अजून कुऱ्हाड पोचली नव्हती, त्या काळी जांभळीच्या ढोलीत सातेरी जातीच्या मधमाश्यांचं पोळं होतं. झुंजी तिथली पहारेकरीण. परक्या, दांडग्या माश्या खोऱ्यात उतरल्यापासून सातेरींची पाचच पोळी उरली होती.

एके दिवशी शेजारच्या पोळ्यातली म्हातारी सावळी दाराशी आली. "पाचही पोळ्यांतले चांगले नर एकत्र आणू. नव्या राण्या त्यांच्याकडेच पाठवू, म्हणजे आपला वंश टिकेल. गवाराजा परक्यांना हुसकायला तयार आहे."

"तुला आमची राणी बाहेर काढायचीय," झुंजी म्हणाली. "आणि राजाला मध हवा असेल."

ती तडक गवाराजाकडे गेली. "तुम्हाला यात काय मिळणार?"

"कारवीचा पाला," गवा म्हणाला. "परक्या माश्या तिच्याकडे फिरकत नाहीत; तिच्या फुलांवर तुम्ही बसला नाहीत तर बी धरणार नाही. मग माझ्या वासरांनी खायचं काय?"

हे मात्र झुंजीला पटलं. तरी नव्या राणीच्या उड्डाणाला ती स्वतः सोबत गेली. वाटेत परक्यांचा थवा बसलेली फांदी गवे शिंगांनी हलवताना तिने पाहिले, तेव्हा कुठे ती मागे फिरली.

पुढच्या वसंतात पोळी अकरा झाली. सावळी भेटायला आली की झुंजी तिला अजूनही हुंगायची, आणि मग वाट द्यायची.