धार उतरली

"…म्हणजे उद्याचं ऑपरेशन नको ना, सर?"

असं विचारतानाच डॉ. उन्मेष चौबळनं पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. उत्तर त्यानं आधीच देऊन टाकलं होतं. विचारणं हा नुसता शिष्टाचार.

बावडेकर सर बागेत अबोलीला पाणी घालत होते. निम्म्या जिल्ह्याची हृदयं तपासून ते निवृत्त झाले, आणि आता त्यांच्याच हृदयाची झडप अरुंद झाली होती. तपासणी त्यांनी आपल्या विद्यार्थ्याकडे, चौबळकडे सोपवली. या विद्यार्थ्याच्या नावापुढे इतक्या पदव्या होत्या, की पाटी रंगवणाऱ्याला नाव बारीक काढावं लागलं होतं.

"काय दिसलं तुला?"

"झडपेतून येणारी रक्ताची धार, सर. गेल्या वर्षी काय जोर होता तिला! आता वेग पार उतरलाय. तिचा छातीतला आवाजही मऊ झालाय."

"म्हणजे झडप सैल झाली?"

"आकडे तेच सांगतात."

"मग मला दम का लागतो?"

"वय, सर."

"असं होय…"

सरांनी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. धार सणसणत कुंपणापलीकडे गेली.

"आता नळ बारीक कर. अजून… अजून."

चौबळनं केला. धार लुळी पडली आणि सरांच्याच पायांवर ओघळू लागली.

"वेग?"

"उतरला."

"आवाज?"

"गेला…"

"आणि अंगठा?"

चौबळनं पाहिलं. अंगठा होता तिथेच होता. दाबून पांढरा पडला होता.

पेढे चिखलात सांडले.

"सर… झडप तशीच आहे. हृदयच थकलंय… त्याला रेटा देता येत नाही… आणि मी… मी उद्याची तुमची तारीख दुसऱ्या पेशंटला देऊन आलोय."

सर पाइपच्या तोंडावर अंगठा तसाच दाबून पायरीवर टेकले. इतका वेळ ते उभे होते हेच पुष्कळ, हे चौबळला आत्ता दिसलं.

काहीतरी करायलाच हवं म्हणून तो नळाकडे धावला आणि गरागरा फिरवून तो पूर्ण सोडू लागला. पाइप थरथरायला लागला.

"चौबळ," सर धापा टाकत म्हणाले, "त्या नळाला कशाला छळतोस?… अंगठा काढ."