नवसाची घागर

एका बाजारगावी रंगनाथ नावाचा कासार होता. बायाबापड्यांना बांगड्या भरायचा. नुसतं मनगट बघून माप सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही.

हा रंगनाथ आजारी पडला. यकृत पार निकामी झालं. कुणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच जगेल, असं डॉक्टर म्हणाले. मुलाचं जुळेना. सुनेचं, ऊर्मिलाचं, जुळलं. तिच्या कडेवर लहान पोर. तरी ती म्हणाली, "मामंजी मला बापासारखे. घ्या माझं."

रंगनाथचं पोट चांगलं हातभर कापावं लागलं. ऊर्मिलाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हिच्या पोटावर खुणा बारीक आहेत, पण आतून मोठा तुकडा गेलाय. तो परत वाढेल, तुम्ही जपलंत तर. दिवाळीपर्यंत हिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देऊ नका."

रंगनाथनं मान डोलावली.

घरी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. रंगनाथची जखम बघून जो तो हळहळे. मग बाया आत जाऊन सुनेचं पोट बघत. एक शेजारीण म्हणाली, "अगं बाई, एवढंच? आमच्या मांजरानं मला याहून मोठं ओरबाडलंय!" सगळ्या हसल्या. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सुनेला चुलीपुढं बसवलं.

खाटेवरून रंगनाथला सगळं दिसत होतं. ऊर्मिलाच्या बांगड्या दिवसेंदिवस सैल होत होत्या. हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरायच्या. मनगट बघून माप सांगणाऱ्याला हे कळलं नसेल? कळलं होतं. पण तिच्या हातची गरम पेज त्याला वेळेवर मिळत होती. आज बोलू, उद्या बोलू, असं करत तो गप्प राहिला.

घरधनी वाचला म्हणून कुलदेवीचा नवस फेडायचं ठरलं. त्या घरची रीत अशी, की नैवेद्याचं पाणी घरच्या सुनेनंच विहिरीवरून आणायचं. त्या सकाळी ऊर्मिला खाटेजवळ आली. हळूच म्हणाली, "मामंजी, पोटात फार ओढतंय. आजच्या दिवस तुम्ही सासूबाईंना सांगा ना."

अंगणात पाहुणे जमले होते. रंगनाथला वाटलं, देवीच्या कामात मोडता कशाला घाला?

"एवढी एक घागर आण बाई," तो म्हणाला. "मग खुशाल पडून राहा."

तिनं घागर आणली, उंबऱ्यात उतरवली आणि तिथंच पोट धरून बसली. पंगती उठेपर्यंत तिच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आतले टाके उसवून आतडं अडकलंय. फार उशीर केलात." ऊर्मिला घरी परत आली नाही.

रंगनाथ मात्र ठणठणीत झाला. पुन्हा बांगड्या भरायला तो कधी बसला नाही. बाईचं मनगट समोर आलं की तो तोंड फिरवायचा.

एका दुपारी नात त्याच्या पोटावर कान ठेवून पडली. आईचा तुकडा आजोबांच्या पोटात आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"आजोबा, आई बोलत का नाही?"

"बोलली होती गं एकदा," रंगनाथ म्हणाला.

पोरीला काही कळलं नाही. तिनं कान आणखी घट्ट दाबला आणि वाट बघत राहिली.

तात्पर्य: ज्यानं आपल्या अंगातलं काढून दिलं, त्याचं दुखणं जखमेच्या लांबीवरून मोजू नये, आणि दिसत असून जो गप्प बसला, त्याच्या मागाहूनच्या रडण्यानं गेलेलं माणूस उठत नाही.