श्यामलीची पाठवणी

पूर्वी शालवती नगरीत धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आला होता. नगरीबाहेर नदीकाठी गोमिल नावाच्या गवळ्याचा मोठा कळप होता, आणि त्या कळपात बोधिसत्त्व सर्वांत वडीलधारा. त्याचे नाव धवल. त्या काळी जनावरे बोलत आणि माणसांना ते कळे. ऐकणारी माणसे मात्र तेव्हाही थोडीच होती. गोमिल रोज संध्याकाळी तळहातावर मीठ घेऊन धवलापाशी येई. तो ते सावकाश चाटी, आणि दिवसभराच्या गोष्टी दोघांत होत.

आदल्या वर्षी त्या देशात गुरांना एक नवीच व्याधी आली होती. बंदरावर उतरलेल्या परमुलखातल्या गुरांबरोबर ती आली, असे म्हणत. अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठत, थोडे दिवस ताप येई, मग गाठी सुकून गळून जात. एकही जनावर दगावले नाही, तेव्हा लोकांनी तिची भीती सोडून दिली.

या वर्षी पावसाळा सरता सरता गोमिलाच्या दोन गायींना पुन्हा गाठी आल्या. त्याच सुमारास पैलतीरावरच्या गावाहून निरोप आला, की गोमिलाची एकुलती लेक उत्पला बाळंत झाली, मुलगा झाला, पण तिला दूध येत नाही. त्या मुलखात लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला माहेरची दुभती गाय वासरासह जात असे. गोमिलाने नुकतीच व्यालेली श्यामली सोडली, तिच्या शिंगांना गेरू लावला, गळ्यात घंटा बांधली आणि तिला व तिच्या वासराला घेऊन तो नदी पायी ओलांडायच्या उताराकडे निघाला.

उतारावर धवल वाट अडवून आडवा बसला होता.

"धनी, श्यामलीला नेऊ नकोस. त्या दोन आजारी गायींच्या मधोमध ती बांधलेली होती."

"तिच्या अंगावर एक तरी गाठ आहे का?"

"आज नाही. पण सकाळपासून तिचं नाक कोरडं आहे. गोमाशी एकीचं रक्त पिते आणि तेच तोंड घेऊन दुसरीवर बसते."

"बसेना का! गेल्या साली गाठी आल्या तशा गेल्या. पळसाला पानं तीनच."

"ही गेल्या सालची व्याधी नाही, तिची लेक आहे," धवल म्हणाला. "तुझी तांबडी गाय किती गरीब, आणि तिची कालवड मारकी निघाली ना? व्याधीही अंगाअंगातून जाताना अशीच वीत जाते. पुष्कळ पिल्लं आईवर जातात, एखादं वेगळं निपजतं. या गाठींचा तोंडवळा आईचाच आहे, पण मुळं खोल गेलीत, पाय सुजलेत, दूध आटलंय. बाळासाठी शेळी पाठव. शेळ्यांना ही बाधलेली मी पाहिली नाही."

"शेळी? पहिल्या बाळंतपणाला बापानं शेळी धाडली, हे माझ्या लेकीनं सासरी जन्मभर ऐकून घ्यायचं?"

धवल उठेना. तेव्हा ज्या हाताने गोमिल मीठ देई, त्याच हाताने त्याने धवलाच्या पाठीवर काठी घातली. धवल हंबरला नाही आणि उठलाही नाही. गोमिलाने त्याला वळसा घालून श्यामलीला आणि वासराला पाण्यात उतरवले. हळहळ वाटते ती याची, की तो काही वाईट माणूस नव्हता. लेकीची मान ताठ राहावी, एवढेच त्याला हवे होते.

थोड्याच दिवसांत श्यामलीच्या अंगावर गाठी उठल्या, फुटल्या, आणि ती गेली. त्या गावची सारी गुरे एकाच पाणवठ्यावर येत. पेरणीच्या तोंडावर औताला जुंपायला बैल उरला नाही. बाळ तेवढे वाचले, तेही शेजारणीच्या शेळीच्या दुधावर.

ऐलतीरी त्या दोन गायी मेल्या. उरलेला कळप धवलाने वाऱ्यावरच्या उंच माळावर नेला म्हणून तो तगला. गोमिल आता उतारावर स्वतः राखण करू लागला. इकडचे जनावर तिकडे नाही की तिकडचे इकडे नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे लोक म्हणत, आणि तो खाली मान घालून ऐकून घेई. काठी त्याने नदीत टाकून दिली होती. धवलाची क्षमा मागायला मात्र त्याची जीभ रेटेना. मीठ देई आणि न बोलता परते.

एके दिवशी पैलतीरावर उत्पला येऊन उभी राहिली. कडेवर मूल, हातात दावे, आणि दाव्याला श्यामलीचे वासरू, अंगभर गाठींनी भरलेले.

"बाबा," तिने ओरडून सांगितले, "श्यामलीचं एवढंच उरलंय. इथं याला कुणी दारात उभं करत नाही, मारून टाक म्हणतात. तुम्ही घ्या हो याला!"

गोमिल गुडघाभर पाण्यात गेला आणि थांबला. मागे माळावर त्याचा कळप चरत होता. लेकीला शेळी द्यायला तो लाजला म्हणून एक गाव उघडे पडले होते. आता तिला नाही म्हणायला त्याचे तोंड उघडेना.

तेवढ्यात धवल त्याच्या शेजारून पाण्यात उतरला.

"धनी, वासरू इकडे आणता येणार नाही. मला तिकडे जाता येईल."

"आणि परत?"

"परत नाही. मला हाक मारू नकोस. तू हाक मारलीस, तर माझे पाय वळतील."

पैलतीरी करंजाच्या झाडाखाली तो वासराला घेऊन राहिला. उत्पला चारा आणून टाकी. धवल वासराच्या जखमा चाटी, शेपटीने त्याच्यावरच्या माश्या वारी. हळूहळू वासराच्या गाठी सुकल्या. तोवर धवलाच्या वशिंडावर गाठी उठल्या होत्या.

गोमिल रोज संध्याकाळी मीठ घेऊन ऐलतीरी उभा राही. हाक मारावीशी वाटे, पण मारीत नसे. एका संध्याकाळी करंजाखालचा तो पांढरा बैल उठला नाही. वासरू त्याला ढुशा देत राहिले. गोमिलाच्या मुठीत मिठाचे पाणी झाले.

ही कथा जमलेल्या संघाला सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. "त्या वेळची उत्पला म्हणजे ही समोर बसलेली भिक्खुणी. ते वासरू म्हणजे माझ्या दुखण्यात माझी सेवा करणारा हा तरुण भिक्खू. गोमिल म्हणजे तो खांबाआड बसलेला उपासक. आणि धवल मीच होतो."

खांबाआडच्या उपासकाला रडू आवरेना. "भंते," तो म्हणाला, "मग ती काठी..."

"वळ केव्हाच मिटला, उपासका," शास्ते म्हणाले. "मीठ तेवढं आठवतं."

मनात वैर न ठेवता आणि परतीची वाट न राखता दुसऱ्याच्या दुःखात उतरणे, ही बोधिसत्त्वाची मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता होय.